अल्झायमरची शंका आली की आधी काय, मग काय

बहुतेक घरं या कामाला चुकीच्या टोकाकडून हात घालतात. आजी तेच तेच विचारू लागल्या की कुणीतरी सुचवतं म्हणून एमआरआय होतो. शेजारचा केमिस्ट बी-१२ची इंजेक्शनं टोचून देतो. अमेरिकेतल्या नव्या औषधाची बातमी घरच्या ग्रुपवर फिरते, आणि मग जाड फाईल घेऊन मंडळी डॉक्टरांसमोर बसतात : "यावर औषध कोणतं?" त्या फाईलमध्ये दोन कागद हमखास नसतात. एक, बदल कधीपासून आणि कसा होत गेला याची नोंद. दुसरा, पेशंट सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. निदान मुख्यतः या दोन कागदांवर उभं राहतं. एमआरआयचा नंबर बराच नंतर लागतो.

इथे दिलेला क्रम इंदूरच्या मराठी घरांसाठी आहे, म्हणजे घरात मराठी, दवाखान्यात हिंदी आणि रिपोर्टात इंग्रजी, अशी परिस्थिती गृहीत धरून. टप्पे वरखाली करू नका.

सुरुवातीला एवढं पक्कं असू द्या. डिमेन्शिया हे लक्षणसमूहाचं नाव आहे आणि अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. या आजारात मेंदूतल्या पेशींच्या बाहेर ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचा गुंता होतो. ही साठवण लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेली असते. नवी आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा आधी झिजतो. म्हणून आजोबांना यशवंत क्लबवरची जुनी मॅच बारकाव्यांसह आठवते आणि सकाळचा नाश्ता आठवत नाही. "जुनं सगळं लख्ख आठवतं, म्हणजे तसं काही नाही," हा दिलासा खोटा आहे.

टप्पा १ : पंधरा दिवसांची वही

साधी वही घ्या. तारीख, वेळ, काय घडलं आणि कुणी पाहिलं, एवढंच लिहायचं. "हल्ली फार विसरतात" हे वाक्य डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. उपयोगाची नोंद अशी असते :

मंगळवार. ८ वाजता चहा-पोहे झाले. साडेआठला "आज पोहे केले नाहीत का?" दोनदा.
गुरुवार. लाईटचं बिल भरलेलं असताना पुन्हा पैसे घेऊन निघाले.
शनिवार. पुरणात गूळ घातलाच नाही. सांगितल्यावर "घातलाय" म्हणून वाद.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि जेवण झालं हेच विसरणं वेगळं. नाव पटकन न सुचणं आणि अर्ध्या तासाने सुचणं हे वयाचं लक्षण. सांगितल्यावरही "हो, खरंच की" अशी खूण पटत नसेल तर ती नोंद ठळक करा.

वहीच्या पहिल्या पानावर या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. सुरुवात कधी झाली, हळूहळू की एकदम? आधी काय बिघडलं : स्मरण, बोलणं, रस्ता, हिशेब की स्वभाव? बँकेचा व्यवहार, औषधं घेणं, एकट्याने बाजारात जाणं, स्वयंपाकाचा क्रम यांतलं पाच वर्षांपूर्वी काय जमत होतं आणि आता काय जमत नाही? नसलेली माणसं किंवा मुलं दिसतात का? झोपेत हातपाय झाडतात, ओरडतात का? चाल बदलली का, लघवी आवरत नाही का? शेवटचे प्रश्न विषयाबाहेरचे वाटतात, पण अल्झायमर नसलेले आजार तिथेच पकडले जातात.

ही माहिती पेशंटसमोर मोठ्याने वाचू नका. वही आधी डॉक्टरांच्या हातात द्या. चारचौघांत चुका मोजल्या गेल्या की माणूस पुढच्या वेळी दवाखान्यात यायलाच नकार देतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

सावध : बदल काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झाला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम घसरणं, साखर कमी होणं, पक्षाघात, यांतलं काहीही असू शकतं. मागच्या दीड-दोन महिन्यांत डोक्याला मार लागला असेल, तो किरकोळ वाटला तरी, आवर्जून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या वृद्धांत कवटीखाली हळूहळू रक्त साठू शकतं आणि त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. त्यावर शस्त्रक्रियेने उपाय होतो.

टप्पा २ : औषधांची पिशवी

घरात सापडतील त्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरा. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, खोकल्याचं सिरप, झोपेची गोळी, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं. यादी लिहिण्यापेक्षा पिशवी नेणं चांगलं, कारण यादीत नेमकी झोपेची गोळी राहून जाते.

स्मरण बिघडवणारी नेहमीची औषधं अशी : झोपेसाठी व घाबरण्यासाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, सर्दी-खाजेसाठीचं क्लोरफेनिरामिन, मुंग्या किंवा डोकेदुखीसाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठीचं ट्रायहेक्सीफेनिडिल. यांतली बरीच ॲसिटिलकोलिन या रसायनाला अडवतात, आणि अल्झायमरमध्ये तेच रसायन आधीच कमी झालेलं असतं.

मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ घटतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या सोडियम उतरवतात. दारू रोजची असेल तर प्रमाणासकट सांगा; इथे लाज आडवी आली तर निदान चुकतं.

सावध : यांतली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते. ती आठवड्या-आठवड्याने उतरवावी लागते.

टप्पा ३ : रक्ताच्या तपासण्या

पहिल्या खेपेला एवढ्या पुरतात : हिमोग्राम, टीएसएच (थायरॉइड), बी-१२, फोलेट, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृताची तपासणी, साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). डॉक्टरांना गरज वाटली तर व्हीडीआरएल (सिफिलिस) आणि एचआयव्ही. यापलीकडची महागडी 'मेमरी पॅकेजं' या पायरीला नकोत.

क्रमाची चूक इथे सर्रास होते. बी-१२चं इंजेक्शन आधी आणि रक्त नंतर. मग आकडा भरपूर येतो आणि खरी कमतरता होती की नव्हती हे कधीच कळत नाही. आधी रक्त द्या, मगच इंजेक्शन. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. थायरॉइडचा आकडा त्यांनी खोटा येऊ शकतो.

बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता आहे. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे होमोसिस्टिनसारखी पूरक तपासणी मदत करते. कमतरता भरून काढायचीच. पण शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं इतकं नेहमीचं आहे की ते कमी सापडलं म्हणून तेच कारण, असं ठरत नाही. आकडा सुधारल्यावर तीन-चार महिन्यांनी वही पुन्हा पाहा. नोंदी तशाच असतील किंवा वाढल्या असतील तर पुढच्या टप्प्याला लागा. "बी-१२ चालू आहे ना" या एका वाक्यावर घरांची दोन-दोन वर्षं जातात.

टप्पा ४ : कान, डोळे आणि मन

ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? कानातला मळ काढून घ्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. मोतीबिंदू पिकला असेल तर तोही पाहून घ्या. घोरणं मोठं असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर सांगा.

उदासीपणा वेगळा ओळखावा लागतो. "मला काही म्हणजे काही आठवत नाही हो," असं स्वतःहून सांगत आलेला माणूस बहुधा नैराश्यात असतो, अल्झायमरचा पेशंट बऱ्याचदा "मला काय झालंय?" म्हणतो आणि तक्रार घरचे करतात. नियम पक्का नाही, दोन्ही एकत्रही असतात, पण पहिली खूण म्हणून उपयोगी आहे.

टप्पा ५ : स्मृतीची चाचणी, आणि ती कोणत्या भाषेत

न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांचे डॉक्टर, तिघांपैकी कुणीही हे काम करू शकतो. मुंबई-पुण्याचं तिकीट काढायची घाई नको. इंदूरमध्ये खासगी न्यूरोलॉजिस्ट आहेत, आणि सरकारी व्यवस्थेत एमवाय रुग्णालय व एमजीएम मेडिकल कॉलेज आहे.

चाचणी बहुधा एमएमएसई असते : ३० गुणांची, दहा मिनिटांची. तारीख, वार, जागा, तीन शब्द ऐकून काही मिनिटांनी परत सांगणं, १०० मधून ७ वजा करत जाणं, चित्र उतरवणं. एसीई-३ ही १०० गुणांची चाचणी जास्त वेळ घेते, पण सुरुवातीची घसरण तीत चांगली पकडली जाते. शाळा न पाहिलेल्या माणसांसाठी एमएमएसईचं हिंदी रूप १९९०च्या दशकात हरियाणातल्या वल्लभगडच्या अभ्यासातून तयार झालं. आजी तिसरी-चौथी शिकलेल्या असतील तर ते रूप आहे का, हे विचारा.

आता भाषेचं. जन्म रामबागेतला, घरात आयुष्यभर मराठी, पण शाळा हिंदी : अशा माणसाला कोणती भाषा योग्य? साधा निकष : हिशेब आणि मोजणी मनातल्या मनात ज्या भाषेत होते, ती. तीन शब्द लक्षात ठेवायचे आहेत ते त्याच भाषेत दिले गेले पाहिजेत. परीक्षक हिंदीत विचारतो, आजोबा मराठीत उत्तर देतात, आणि 'उत्तर नाही' असं लिहिलं जातं, असं होऊ देऊ नका. सुरुवातीलाच सांगा की उत्तर मराठीत आलं तरी धरावं.

तारखेचंही तसंच. "आज कौन सी तारीख है?" या प्रश्नाला आजी "वद्य चतुर्थी" म्हणाल्या आणि ती बरोबर असेल, तर त्यांचं काळाचं भान शाबूत आहे. ही गोष्ट परीक्षकाच्या लक्षात आणून द्यायची, पण चाचणी संपल्यावर. मध्ये बोलायचं नाही.

जाण्याआधी तपासून घ्या :
– चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी सोबत आहे.
– नाश्ता झालेला आहे, रात्रीची झोप झालेली आहे.
– सोबतचा माणूस पेशंटच्या मागे बसेल आणि ओठ हलवणार नाही. हे सगळ्यांत अवघड.
– शिक्षण किती झालं आणि नोकरी कोणती होती, हे लिहून दिलं आहे.

शेवटचा मुद्दा गुणांचा अर्थ लावायला लागतो. निवृत्त प्राध्यापकाला २७ मिळाले तरी आजार असू शकतो. शाळा अर्धवट सुटलेल्या आजींना २१ मिळाले तरी त्या ठणठणीत असू शकतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांनी, त्याच भाषेत, त्याच चाचणीवर आलेला आकडा जास्त बोलतो. म्हणून गुणांसोबत उत्तरपत्रिकेची प्रतही मागून ठेवा.

टप्पा ६ : आता एमआरआय

एमआरआय अल्झायमर सिद्ध करत नाही. तो आधी दुसरी कारणं वगळतो : गाठ, साठलेलं रक्त, लहान-लहान पक्षाघात, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढणं. त्यानंतर हिप्पोकॅम्पस किती झिजला आहे ते दाखवतो. चिठ्ठीवर हे दोन उल्लेख आहेत का ते पाहा : हिप्पोकॅम्पससाठी कोरोनल छेद, आणि सूक्ष्म रक्तस्राव दिसण्यासाठी एसडब्ल्यूआय किंवा ग्रेडियंट इको सिक्वेन्स. हे राहून गेलं तर पुढे नव्या इंजेक्शनचा विचार करताना सगळं पुन्हा करावं लागतं. कॉन्ट्रास्टची बहुधा गरज नसते.

पेसमेकर किंवा शरीरात जुनं इम्प्लांट असेल तर आधीच सांगा. एमआरआय जमत नसेल तर सीटी स्कॅनवर काम भागतं. रिपोर्टचा कागद पुरेसा नाही, सीडी किंवा फिल्मही जपून ठेवा. "वयोमानानुसार झीज" अशा अर्थाचं वाक्य रिपोर्टात असेल तर घाबरायचं कारण नाही, आणि निर्धास्त व्हायचंही नाही.

पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न आवरणं आणि विसरणं ही तिन्ही एकत्र असतील, आणि स्कॅनमध्ये पोकळ्या फुगलेल्या दिसत असतील, तर डॉक्टरांना थेट विचारा : पाठीतून पाणी काढून चाल सुधारते का हे पाहायचं का? हा वेगळा आजार आहे आणि त्यात शंट, म्हणजे पाणी वळवणारी नळी, बसवून फायदा होऊ शकतो.

ॲमिलॉइड पेट (PET) स्कॅन, पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी आणि रक्तातलं पी-टाऊ २१७ या तपासण्या अल्झायमरच्या मुळाशी जातात. अशा रक्ततपासणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मे २०२५मध्ये पहिल्यांदा मान्यता दिली, तीही लक्षणं असलेल्या लोकांसाठीच. निदान अडलं असेल, पेशंट तरुण असेल किंवा नव्या इंजेक्शनचा विचार असेल तरच त्यांच्या वाट्याला जा. ठणठणीत मुलांनी "आम्हालाही होईल का" म्हणून त्या करून घेऊ नयेत.

थांबा, निदान वाचा : कागदावर नुसतं 'डिमेन्शिया' लिहिलं असेल तर कोणता, हे विचारा. नसलेली माणसं दिसणं, दिवसादिवसाला कमी-जास्त होणारी शुद्ध आणि शरीराचा ताठरपणा असेल तर लेवी बॉडी प्रकार असू शकतो. त्यात हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर माणूस लाकडासारखा ताठर होतो, जिवावरही बेततं. साठीच्या आत, विसरण्याआधी स्वभाव बदलला असेल, तर फ्रंटोटेम्पोरल प्रकाराचा विचार व्हायला हवा. त्यात टप्पा ८मधल्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

टप्पा ७ : गोळ्यांच्या आधी कागदपत्रं

हा टप्पा सगळे पुढे ढकलतात आणि सगळ्यात महाग हाच पडतो. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असा समज आहे. भारतात तसं नाही. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा माणूस मनाने अक्षम झाला की ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते कुचकामी ठरतं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्याकडे इंदूर खंडपीठ जवळ आहे एवढाच काय तो दिलासा.

म्हणून निदानाच्या सुरुवातीच्या काळात, पेशंट समजून सही करू शकतो तोवर : बँक खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं संयुक्त करा. सगळीकडे नॉमिनी तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर त्याच दिवशीचं, 'समजून निर्णय घेऊ शकतात' असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय वापरा. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करा; 'केवायसी बंद होईल' म्हणून येणारे फोन नेमके या घरांना लुबाडतात.

सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान योजनेत ५ लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते भरती झाल्यावरच्या उपचारांना. तपासण्या आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच धरा.

टप्पा ८ : गोळ्या

आजार उलटवणारी गोळी नाही. उपलब्ध गोळ्या लक्षणं काही काळ सावरतात. हे आधी मान्य केलं नाही तर पंधराव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून पट्टी कचऱ्यात जाते.

*डोनेपेझिल.* सुरुवात ५ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. चार ते सहा आठवडे सोसली तर १०. सुरू करण्याआधी नाडी मोजा आणि ईसीजी काढा, कारण ती हृदयाचे ठोके मंद करते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी आधीच चालू असेल तर धोका वाढतो. चक्कर आली, भोवळ येऊन पडले, तर 'अशक्तपणा' समजू नका. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं हे पहिल्या आठवड्यांत होतं आणि बहुधा ओसरतं. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी न्या. दमा असेल तर आधी सांगा. वजन महिन्यातून एकदा करा.

*रिव्हास्टिग्मिनचा पॅच.* पोट नाजूक असलेल्यांना बरा पडतो. ४.६ मिलिग्रॅमचा सुरू करतात, चार आठवड्यांनी ९.५चा. दर २४ तासांनी नवा लावायचा, आणि जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. दोन-तीन पॅच अंगावर राहून विषबाधा झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. पाठीचा वरचा भाग बरा, पेशंटचा हात तिथे पोचत नाही. एकच जागा १४ दिवस पुन्हा वापरू नका. अंघोळीआधी तेल लावायची सवय असेल तर तेवढी जागा सोडा. तेलकट कातडीवर पॅच टिकत नाही. तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा लहान मात्रेपासून, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात.

*मेमँटिन.* मध्यम आणि पुढच्या अवस्थेत. रोज ५ मिलिग्रॅम, दर आठवड्याला ५ने वाढवत २० पर्यंत. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी ठेवतात.

बाजारात डोनेपेझिल आणि मेमँटिन एकाच गोळीत मिळतं. सुरुवात त्या जोडगोळीने करू नये, कारण त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही आणि एकाची मात्रा वेगळी हलवता येत नाही. किमतीही कंपनीप्रमाणे फार बदलतात. डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहायला सांगा आणि दवा बाजारातून आणताना पट्टीवरचे मिलिग्रॅम स्वतः वाचा.

सावध : डोनेपेझिलने काहींना लघवीची घाई होते. मग दुसरा डॉक्टर त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन देतो. एक गोळी ॲसिटिलकोलिन वाढवते, दुसरी अडवते, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. कुठलंही नवं लक्षण दिसलं की आधी विचारा : ते आधीच्या गोळीचं तर नाही?

परिणाम तीन ते सहा महिन्यांनी, वही आणि चाचणी समोर ठेवून ठरवा. आहे तसं राहिलं तर गोळी काम करते आहे असं धरायचं.

टप्पा ९ : नवी इंजेक्शनं

ग्रुपवर फिरणाऱ्या बातम्या बहुधा दोन औषधांच्या असतात : लेकानेमॅब, ज्याला एफडीएची पूर्ण मान्यता जुलै २०२३मध्ये मिळाली, आणि डोनानेमॅब, ज्याला जुलै २०२४मध्ये. दोन्ही सुरुवातीला शिरेतून द्यायची. पहिलं दर दोन आठवड्यांनी, दुसरं दर चार. दोन्ही मेंदूतलं ॲमिलॉइड खरोखर काढतात. प्रश्न त्याने माणसाला किती फरक पडतो हा आहे.

लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ लोक होते. दीड वर्षाने औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्के कमी होती. बातमीत हा आकडा असतो. बातमीत नसलेला आकडा असा : १८ गुणांच्या मापावर हा फरक ०.४५ गुणांचा आहे. दोन्ही गटांची तब्येत खालावतच गेली, एकाची थोडी सावकाश. यातून विज्ञानाची दिशा बरोबर असल्याचं दिसतं. घरात आजोबा पुन्हा हिशेब लिहू लागतील असं दिसत नाही.

धोका मेंदूला सूज येण्याचा आणि सूक्ष्म रक्तस्रावाचा. त्या चाचणीत १२.६ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये सूज दिसली. अनेकांना लक्षणं नव्हती, काहींना गंभीर होती. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई ४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना धोका सर्वांत जास्त, म्हणून आधी जनुकाची तपासणी करतात. पहिल्या काही महिन्यांत एमआरआय पुन्हा-पुन्हा करावा लागतो.

विचार करण्याआधी या अटी पाहा :
– आजार अगदी सुरुवातीचा आहे. चाचण्यांमध्ये एमएमएसई लेकानेमॅबसाठी २२ ते ३० आणि डोनानेमॅबसाठी २० ते २८ असलेलेच घेतले होते.
– पेट स्कॅन किंवा पाठीच्या पाण्यात ॲमिलॉइड असल्याचं सिद्ध झालं आहे.
– एमआरआयमध्ये बरेच जुने सूक्ष्म रक्तस्राव नाहीत.
– रक्त पातळ करणारं औषध चालू नाही.

यांतली एक अट जरी बसत नसेल तरी तो विषय तिथेच सोडा; घर गहाण टाकायची ही जागा नव्हे. इंजेक्शन चालू असताना अचानक हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर तातडीच्या विभागात पहिलं वाक्य हेच सांगा की हे औषध चालू आहे. पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर मेंदूत मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

परदेशातून पार्सल मागवण्याच्या भानगडीत पडू नका. ही औषधं थंड साखळीत यावी लागतात आणि देणाऱ्याकडे एमआरआय वाचणारी टीम लागते.

टप्पा १० : इतर उपाय आणि औषधांच्या चाचण्यांत भाग घेणं

गिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्यांवर ३,०६९ वृद्धांचा अभ्यास झाला. डिमेन्शिया टळला नाही, निकाल २००८ साली आला. खोबरेल तेलाने स्मरण परत येतं याला भरवशाचा पुरावा नाही. स्टेम सेल इंजेक्शनं लाखभर रुपये घेऊन देणाऱ्यांपासून दूर राहा : २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे काही रक्ताचे आजार सोडले तर स्टेम सेल उपचार नोंदणीकृत संशोधनाबाहेर करता येत नाही.

संशोधनात भाग घ्यायचा असेल तर अभ्यासाचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदणी) क्रमांक मागा आणि त्या नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठायचं.

टप्पा ११ : घर

रस्ता चुकायला लागले की खिशात किंवा गळ्यात घरचा फोन नंबर असलेलं कार्ड, हिंदीत. लोकमान्य नगरात हरवलेला माणूस पुढे हिंदी बोलणाऱ्यालाच सापडणार आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला, वॉचमन, ऑटोस्टँड यांना सांगून ठेवा. लपवण्याने फक्त शोधायला वेळ लागतो. गॅसचा मुख्य कॉक रात्री आणि घरात कुणी नसताना बंद. बाथरूमला आतून कडी नको. औषधं वारांच्या खान्यांच्या डबीत, डबी कुलपात.

संध्याकाळी अस्वस्थता वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं. "हेच घर आहे" म्हणून वाद घालू नका. दिवे लवकर लावा, चहा द्या, दोन फेऱ्या मारून या. रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या यांच्या गर्दी-गोंगाटात त्यांना नेऊ नका. घरचा गणपती, ओळखीची आरती हातात टाळ देऊन म्हणून घेतली तर ती अनेकदा शेवटपर्यंत जमते.

मारहाण, शिवीगाळ, रात्रभर जागणं अचानक वाढलं तर झोपेचं औषध मागण्याआधी चार गोष्टी पाहा : बद्धकोष्ठ, लघवी अडणं किंवा जळजळ, दात-गुडघ्याचं दुखणं, नवी गोळी. बोलता न येणारी वेदना अशीच बाहेर पडते. तरीही क्वेटियापिन किंवा रिस्पेरिडोन द्यावंच लागलं, तर लहानात लहान मात्रा आणि ठरलेली मुदत : या औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो. पहिल्या चिठ्ठीवरच पुढची तारीख लिहून घ्या, ज्या दिवशी ती कमी करायची की बंद, हे ठरेल.

सांभाळणाऱ्या सुनेला किंवा मुलीला आठवड्यातून किमान एक दुपार पूर्ण मोकळी, ती कुणी सांभाळायची ते नावानिशी ठरवा. तिच्यासाठी मानसिक आधाराची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ हे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.